समोरच्यांकडची किल्ली

४ फेब्रुवारी

चिमणी शोकसभेहून परत आली ती वर घरी न येता थेट खाली दवाखान्यात गेली आणि हात धुऊन एका मांजराचे टाके काढायला बसली. जेवायला वर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, आमच्या वर्गातला हा तिसरा."

तिच्या कॉलेजच्या वर्गातला, आपल्या हाताने आयुष्य संपवणारा, तिसरा जनावरांचा डॉक्टर. यासाठीचा जो सरळ शब्द आहे तो मला लिहवत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला प्रत्येक वाईट शब्दाच्या जागी वापरायचा एक चांगला शब्द शिकवला होता, पण या शब्दासाठी कुणी काही शिकवलं नाही.

माझी धाकटी बहीण पन्नाशी ओलांडून गेली, केस माझ्याहून पांढरे झाले, तरी माझ्या तोंडी ती चिमणीच. हे गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले. वर दोन खोल्या, खाली तिचा दवाखाना. काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली तेव्हापासून तिथे मी बसते. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला काउंटर काय जड!

मी म्हणाले, "आमच्या एक्स्चेंजमध्ये एवढ्या मुली होत्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा नवरा दारू पिऊन यायचा. पण असं कुणी केलं नाही बाई. आणि तुमचं काम तर मुक्या जिवांचं, पुण्याचं."

"तुमच्या डाव्या हाताला एक मुलगी बसायची आणि उजव्या हाताला एक," चिमणी म्हणाली. "आम्ही एकेकटे. आणि तुमच्या हातात काय होतं? वायरी. आमच्या हातात काय असतं, बघ."

मी बघितलं. तिच्या हातात भाताचा चमचा होता. तसं म्हणालेही. ती हसली नाही.

९ फेब्रुवारी

आज दोन जनावरांना झोपवलं. झोपवणं म्हणजे ज्याचा त्रास आता बरा होणार नाही त्याला सुई देऊन शांतपणे जाऊ देणं. पहिलं एक म्हातारं कुत्रं होतं. मालकीणबाई रुमाल पिळत विचारत होत्या, "डॉक्टर, तुमचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न सगळेच विचारतात. चिमणीचं उत्तरही ठरलेलं असतं. "मी त्याला आणखी त्रास होऊ दिला नसता. हेच प्रेम." तिचा आवाज इतका मऊ होतो की माझेच डोळे भरून येतात. मग ती एकटी आत जाते, त्या औषधाचं कपाट उघडते. किल्ली तिच्या गळ्यात दोरीला असते.

दुसऱ्या जनावराचा मालक मात्र बिल बघून काउंटरवर ओरडला, "जीव घ्यायचे पण पैसे घेता? खाटीक बरा!" मी माझ्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाले, "क्षमा करा, आपला आवाज नीट येत नाही आहे." तो वरमला. पण चिमणीने आतून ऐकलं होतं. नंतर बराच वेळ ती स्टीलचा एकच ट्रे पुसत होती.

रात्रीही तिला झोप नाही. पलीकडच्या खोलीत तिच्या येरझाऱ्या ऐकू येतात.

१३ फेब्रुवारी

देव पावला! चिमणी एकदम शांत झाली आहे. शोकसभेपासून चेहऱ्यावर जे मळभ होतं ते गेलं. आज सूप खारट झालं होतं, तरी ती मुकाट्याने प्यायली. एरवी नुसती भडकली असती. मला म्हणाली, "ताई, लहानपणी तुझी निळी रिबन मी हरवली होती. तू शोधत बसलीस, मी बोलले नाही. माफ कर गं." मी विसरूनही गेले होते! किती हळवी आहे माझी बहीण.

दवाखान्यातलं तीन पायांचं मांजर तिने शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकलं. "त्याला घर हवं," म्हणाली. मला वाटायचं ते आमचंच आहे. असो, काम हलकं झालं. माझ्यासाठी मऊ तळव्याचे बूट आणले. पाण्याचा पंप कसा सुरू करायचा, बंद पडला तर कुणाला बोलवायचं, सगळं समजावून सांगितलं. मी म्हटलं, "तू आहेस की!" तर म्हणाली, "शिकून ठेवलेलं बरं."

मी मेली उगाच काळजी करत होते.

१७ फेब्रुवारी

आज जरा विचित्र वाटलं म्हणून लिहून ठेवते.

मागच्या खोलीत पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा आहे. पाय मोडून आलेला. मी दुपारी औषधाच्या बाटल्या ठेवायला गेले तर चिमणी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती, कपाळ गजांना टेकून. हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत होती. "किती दमायचं माणसाने? बस झालं आता. कुणाचं काही अडत नाही. ताईला थोडे दिवस वाईट वाटेल. मग तिलाही सुटल्यासारखं होईल."

मी तशीच मागे सरले. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं जायचं की ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. लाइन जोडायची, कानांवरचा हेडफोन काढायचा. किती प्रेमिकांची भांडणं, किती मरणाच्या बातम्या माझ्या बोटांखालून गेल्या, मी एकही ऐकली नाही. त्याचा मला अभिमान आहे.

पण मला का वाईट वाटेल? कुत्रा गोड आहे, तरी त्याला येऊन आठवडाही झाला नाही. आणि सुटल्यासारखं वाटायला मी त्याचं काय करते? चिमणीचं प्राण्यांशी बोलणं हे असंच.

१९ फेब्रुवारी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहिते.

काल सकाळी चिमणी शहराबाहेरच्या डेअरीवर गेली, एक गाय अडली होती म्हणून. ती गेल्यावर फोन आला. तिच्या वर्गातला लंबू. उंचीवरून पडलेलं नाव; तो आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा. दूरच्या गावात त्याचा दवाखाना आहे.

"ताई, मी वर्गातल्या एकेकाला फोन करतोय. तिसऱ्या शोकसभेला जाऊन आलो, चौथ्या सभेला जायचं नाही असं ठरवलंय. चिमणी कशी आहे?"

"अरे, छान! अगदी शांत झालीये." आणि मी सगळं सांगितलं. रिबन, मांजर, बूट, पंप. तो नेहमी मध्ये मध्ये टोमणे मारतो, काल एकही मारला नाही. त्या शांततेत मी बोलत सुटले आणि कुत्र्याशी ती काय बोलत होती तेही सांगून टाकलं.

तो म्हणाला, "ताई, तो कुत्रा आता कसा आहे?"

"मस्त! दणकून खातोय. परवा मालक न्यायला येणार."

"म्हणजे तो मरणार नाहीये."

"छे!" मी म्हणाले.

आणि मग जे कानांनी ऐकलं होतं ते आत्ता कुठे माझ्यापर्यंत पोचलं.

"ताई, ऐकताय ना? घाबरू नका. किल्ली कुठे आहे?"

"तिच्या गळ्यात."

"तुम्ही आत्ता तिच्याकडे जा. तिला एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा. आडवळणाने नको. तिच्या जिवाचं विचारा."

"अरे, असं विचारलं तर तिच्या डोक्यात येईल ना ते!"

"ते डोक्यात आधीच आहे. विचारल्याने वाढत नाही, उलट बाहेर यायला वाट मिळते. मी निघालोच. संध्याकाळपर्यंत पोचतो."

मी दाराला कुलूप लावलं, टॅक्सी थांबवली. डेअरीच्या अंगणात नवे बूट घोट्यापर्यंत शेणात गेले. गोठ्यात गाय मोकळी झाली होती, वासरू थरथरत उभं राहायला बघत होतं आणि चिमणी बादलीत कोपरापर्यंत हात धूत होती. मला बघून म्हणाली, "ताई? तू इथे? घराला आग लागली का?"

"नाही. तुझ्याबरोबर परत जाईन म्हटलं."

गाडीत बसलो. तिने किल्ली फिरवली नव्हती. मी विचारलं, "तुला झोप लागते ना?" ती म्हणाली, "लागते." मी विचारलं, "भूक?" "लागते." मी विचारलं, "तुला कंटाळा वगैरे..."

"ताई, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? काय हवंय?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चिमणे, तू जीव द्यायच्या विचारात आहेस का?"

आयुष्यात मी इतकं उद्धट वाक्य कुणाला बोलले नव्हते. बाहेर एक माणूस दुधाचे कॅन घासत होता. त्याचा घासण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"हो," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. त्याला साबणाचा आणि गाईचा वास येत होता. मी रडले नाही, कशी कोण जाणे. विचारलं, "आज?"

"आज नाही. पण लवकरच. ती गाय तेवढी मोकळी करायची होती." मग, "तुला कसं कळलं?"

"मी ऐकलं. तू कुत्र्याशी बोलत होतीस ते."

"तू? तू कधीपासून कुणाचं ऐकायला लागलीस?"

ती हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. आम्ही दोघी त्या गाडीत बसून इतक्या रडलो की कॅनवाल्याने येऊन काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "गाय गेली का हो?"

"नाही, नाही, दोघं छान आहेत," चिमणी नाक पुसत म्हणाली. मग तिने गळ्यातली दोरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या अंगाने ती गरम होती.

वाटेत ती सारखी बोलत होती. "मला ते वाईट वाटतच नव्हतं गं. रोज दुसऱ्यांसाठी करते तेच. त्रास बरा होणार नाही, मग थांबवायचा. स्वतःकडेही मी तसंच बघायला लागले, पेशंटकडे बघावं तसं."

मी म्हणाले, "पण तू तपासलंस कुठे? नुसतं बघून ठरवलंस! कुत्र्याला निदान रक्ततपासणी तरी करतेस."

तिने गाडी हळू केली. मग म्हणाली, "हे खरं."

२१ फेब्रुवारी

लंबू येऊन राहिला आहे. याही चौकटीवर डोकं आपटलं.

चिमणीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण आहेत, पण ऐकतात. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि मला बजावलं की एकटीने पहारा देत बसू नका, माणसं वाटून घ्या. चिमणी दिवसभर झोपली. मी दर थोड्या वेळाने जाऊन श्वास बघत होते. तिने डोळे न उघडता म्हटलं, "जिवंत आहे. जा."

संध्याकाळी लंबूला मी विचारलं, "अरे, हे तुमच्याच धंद्यात का?"

"आमच्याच असं नाही. कमी-जास्त सगळीकडे आहे. प्रत्येक धंद्याचं कारण वेगळं. बांधकामावरच्यांचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, पोलिसांचं वेगळं. पण बघा, बेकरीवाल्याला वाईट दिवस आला तर त्याच्या हाताशी काय असतं? पाव. आमच्या हाताशी ते कपाट. वाईट वेळ लाटेसारखी येते ताई, आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस आणि कपाट यांच्यामध्ये काहीतरी हवं. एखादं दार. दारामागे दुसरं माणूस."

"मी बसते की दारात."

"तुम्ही बहीण. तुमच्याकडून ती किल्ली गोड बोलून काढेल. आमच्या गावात मी एक केलंय. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे. त्याच्या कपाटाची तशीच माझ्याकडे. कुठल्याही जनावराला झोपवायचं तर दोघांनी मिळून. एकट्याने नाही. इथे दुसरं कोण आहे?"

चिमणी आतून ओरडली, "पोपटवाल्याचं नाव काढू नकोस!"

२२ फेब्रुवारी

पोपटवाले म्हणजे रस्त्यापलीकडचे डॉक्टर. पाटी आमच्याहून मोठी. पूर्वी कधीतरी चिमणीने औषध दिलेला एक पोपट त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी मालकासमोर विचारलं, "हे कुणी केलं?" त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. समोरासमोर आले तर दोघेही आकाशातले ढग बघतात.

मी आणि लंबू गेलो. चिमणी म्हणाली होती, "तुम्ही जा, मी मेले तरी येणार नाही." मग स्वतःच ओशाळली. "म्हणजे, तसं नाही. येते. पण मागे उभी राहीन."

पोपटवाले एका सशाची नखं कापत होते. लंबूने सगळं सांगितलं. चिमणी कॅलेंडरकडे बघत उभी होती. मला वाटलं आता हे गृहस्थ काहीतरी खोचक बोलणार. पण त्यांनी ससा हळूच पिंजऱ्यात ठेवला, खिशात हात घातला, आणि आम्ही मागण्याआधीच स्वतःची किल्ली काढून चिमणीपुढे धरली. लगबगीने, जणू ती कित्येक दिवस खिशात टोचत होती.

"आजच न्या," ते म्हणाले. "दुसरं कुलूप मी उद्या बसवून घेतो. आज रात्री तुमच्याकडेच राहू द्या."

चिमणीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाली, "सर, चहा घ्यायला येता का? ताई चांगला करते."

इतकी उतावीळ माणसं कशाला एवढी वर्षं भांडली देव जाणे. चहाला आले ते अंधार पडेपर्यंत बसले. चिमणीच जास्त प्रश्न विचारत होती, हळू आवाजात, झोप लागते का, घरी कोण असतं. मी आपली कपबशा धूत होते.

११ मार्च

वाईट दिवस. चिमणी उठली नाही, बोलली नाही, भिंतीकडे तोंड. मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की असे दिवस येतील. गावी परतलेल्या लंबूला मी फोन केला, तो तिच्याशी बोलला. दुपारी पोपटवाले जिना चढून आले, धापा टाकत. खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचलं आणि गेले. संध्याकाळी ती उठून आंघोळीला गेली.

मी प्रार्थना केली. शाळेतलं इंग्रजी भजन, मधले दोन शब्द विसरलेले.

२० मार्च

आज दोन कुलपांची पहिली खरी परीक्षा. एका म्हाताऱ्या मांजरीला झोपवायचं होतं. आमच्या कपाटाची दुसरी किल्ली आता पोपटवाल्यांकडे, म्हणून चिमणीला रस्ता ओलांडून जावं लागलं. परत आली ती पोपटवाल्यांबरोबर वाद घालत. "तुमच्याकडे रांग आहे म्हणून माझा पेशंट ताटकळणार का?" "बाई, मी हातमोजे तरी काढू का नको?" दोघं आत गेले. मालकाने नेहमीचा प्रश्न विचारला, तुमची असती तर. चिमणीने पोपटवाल्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी दुसऱ्या एका डॉक्टरला विचारलं असतं. त्यांनाही विचारलंय. आम्हा दोघांनाही आता असंच वाटतं."

नंतर तिघांनी चहा घेतला. पोपटवाल्यांनी बिस्किट बुडवलं ते कपातच गळून पडलं. चिमणी म्हणाली, "हे कुणी केलं?"

मला अर्थ कळायला वेळ लागला. ते दोघं मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

२ एप्रिल

लंबूचा फोन. त्याच्या वर्गातल्या आणखी काही जणांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. एकाने नकार दिला, म्हणाला मला गरज नाही. लंबू म्हणतो, "त्याच्याकडे मी आधी जाणार."

काउंटरवर माझ्या वागण्यातही फरक पडला आहे, असं चिमणी म्हणते. परवा एका गाईच्या मालकाला मी सरळ विचारलं, "तुमचा चेहरा असा का? घरी सगळं ठीक?" तो बराच वेळ बोलत बसला. मागे रांग लागली. मी सगळं ऐकलं.

१८ एप्रिल

आज काहीच घडलं नाही. स्वेटरचा गळा विणत होते, घरं चुकत होती, उसवून पुन्हा घातला, पुन्हा चुकला. नमुन्याचं चित्र उलटं धरलं होतं की काय म्हणून चष्मा बदलून पाहिला. दिवे कधी लागले कळलं नाही.

दार वाजलं. चिमणी, केसांत गवत, हातात बूट. "सॉरी ताई, फार उशीर झाला. चाक पंक्चर झालं, फोनची बॅटरी संपली. तू घाबरून अर्धी झाली असशील."

मी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही," मी म्हणाले, आणि स्वतःच चपापले. खरंच नाही. ती बाहेर गेलीये हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

"नाही?" चिमणी दारातच उभी राहिली. "अगदी नाही? मी तिकडे जीव मुठीत धरून गाडी पळवत आले, आणि तू विणत बसलीयस?"

"गळा जमत नाहीये," मी म्हणाले.

ती तशीच, शेणाने माखलेल्या मोज्यांनी, माझ्या शेजारी येऊन बसली आणि दिव्याखाली सुया धरून घरं मोजू लागली.